पाठमोरी आई

माझी आई शाळेत मराठी शिकवायची. कसबा पेठेतल्या आमच्या आळीत तिला अजूनही सगळे 'बाई'च म्हणतात. परीक्षेच्या दिवसांत वर्गात फेऱ्या मारताना तिचं एक ठरलेलं वाक्य होतं, "मागे वळून बघायचं नाही." तीस वर्षं तिने हे दुसऱ्यांच्या मुलांना ऐकवलं. निवृत्त झाल्यावर नेमकं हेच वाक्य तिला एका पंचविशीतल्या पंचाकडून ऐकून घ्यावं लागलं, आणि इतक्या मुलांना जे तिने सक्तीने करायला लावलं ते तिला स्वतःला काही केल्या जमेना. त्यापायी माझं खेळणं बंद पडायची वेळ आली होती.

आधी माझ्याबद्दल सांगते. जन्माच्या वेळी काहीतरी गडबड झाली, मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि माझ्या हातापायांनी माझं ऐकायचं नाही असं ठरवलं. उजव्या हाताची दोन बोटं तेवढी शब्दाबाहेर नाहीत. जीभ चालते, आणि आईच्या मते ती जरुरीपेक्षा जास्त चालते. चाकाच्या खुर्चीतून मला घराच्या तीन पायऱ्या उतरवायला रोज दोन माणसं लागायची, आणि ती दोन्ही माणसं उतरवताना मला सल्ले द्यायची. खुर्चीतल्या माणसाला सल्ला देताना लोकांना फार मोकळं वाटतं, हा माझा अनुभव आहे.

पुण्यात गल्लोगल्ली संगणकाचे क्लास निघाले तेव्हा वडिलांनी मला एका क्लासात घातलं. माऊसला दोनच बोटं लागतात हे त्यांनी हेरलं होतं. ते मी कॉलेजात असताना गेले, पण त्यांचा हिशोब बरोबर निघाला. मला हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरी लागली. काम होतं सॉफ्टवेअर तपासायचं. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्या लेखी कळवायच्या. आई म्हणाली, "याचा पगार देतात? आपल्या आळीत तर हे सगळे फुकट करतात."

त्या कंपनीच्या काचेच्या इमारतीत पायरी नव्हती. दारापाशी उतार, आत रुंद लिफ्ट. पहिल्या दिवशी मी कोणाचाही सल्ला न घेता पाचव्या मजल्यावर पोचले आणि नुसत्या आनंदाने दोनदा वर-खाली करून आले. उदारीकरणाने देशाचं काय भलं केलं, काय वाटोळं केलं, यावर आमच्या आळीत पुष्कळ वाद होतात. मी त्यात पडत नाही. मला लिफ्ट मिळाली.

कंपनीत दर वर्षी क्रीडा सप्ताह असायचा आणि दर वर्षी मला गुण लिहायला बसवायचे. एका वर्षी तिथे एक प्रशिक्षक आले. मूळचे अमरावतीकडचे, कमी बोलणारे. त्यांनी जमिनीवर चेंडू मांडले आणि सगळ्यांना बोचा नावाचा खेळ दाखवला. मी माझी वही घेऊन कोपऱ्यात तयार होते. सर सरळ माझ्याकडे आले. मी त्यांना म्हटलं की मला चेंडू फेकता येत नाही, मी गुण लिहिते. ते म्हणाले, "पाहून तर घ्या ना मॅडम, काय जाते."

खेळ असा असतो. आधी एक पांढरा चेंडू मैदानात सोडायचा. मग एकाने सहा लाल आणि दुसऱ्याने सहा निळे चेंडू त्याच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचे. ज्याचा चेंडू जवळ, त्याला गुण. अशा चार फेऱ्या, आणि प्रत्येक फेरीत प्रत्येकाला सहा मिनिटं. लहानपणी गोट्या खेळलेल्या कोणालाही हे दोन मिनिटांत कळतं आणि मग आयुष्यभर पुरतं. माझ्यासारख्या फेकता न येणाऱ्यांसाठी एक उतरती पन्हळ असते. पन्हळीच्या वरच्या टोकाला चेंडू ठेवायचा, मी दोन बोटांनी तो सोडायचा, की तो घरंगळत मैदानात जातो. पन्हळ हलवायला एक मदतनीस मिळतो. तो मी सांगेन तशी पन्हळ वळवतो, मी सांगेन त्या खुणेवर चेंडू ठेवतो. पण त्याने मैदानाकडे पाठ करून बसायचं. फेरी संपेपर्यंत वळून बघायचं नाही, आणि मी विचारल्याशिवाय बोलायचंही नाही. कारण खेळ माझा आहे, डोकं माझं आहे, चूकही माझीच असली पाहिजे.

हा नियम ऐकला तेव्हा मला हसू आवरेना. माझ्यासाठी कोणी काही करावं आणि त्यावर काही बोलू नये, असं तोवर माझ्या आयुष्यात घडलेलंच नव्हतं. मदतनीस म्हणून मी आईचं नाव दिलं. यात थोडा सूडही होता, कबूल करते.

आईने आधी तयारी केली. प्लंबरकडून एक जाड पाइप आणून तो उभा चिरून घेतला आणि त्याला स्टुलाचे पाय लावले. चेंडू तर तिने घरीच शिवले. चामड्याचे तुकडे जोडले आणि आत काय भरायचं याचा विचार करून मूग भरले, कारण ते एकसारखे असतात. आठवडाभर ते चेंडू सुंदर घरंगळले. मग एकदा पुसलेल्या ओल्या फरशीवर रात्रभर राहिले आणि तिसऱ्या दिवशी शिवणीतून पांढरे मोड बाहेर आले. सरांनी तो चेंडू हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि त्याची उसळ करावी असं सुचवलं. नंतर त्यांनीच खरे चेंडू मिळवून दिले.

सरावाला साडेबारा मीटर लांब सपाट फरशी लागते. पेठेत एवढी मोकळी जागा एकाच ठिकाणी असते, मंगल कार्यालयात. आईची एक जुनी विद्यार्थिनी एका कार्यालयाची व्यवस्था बघायची. तिने सांगितलं, ज्या दिवशी मुहूर्त नसेल त्या दिवशी या. तेव्हापासून आमच्या घरी पंचांग उलटं वाचलं जाऊ लागलं. मुहूर्त नाही म्हटलं की आम्ही खूश. पितृपंधरवडा म्हणजे तर आमचं सरावशिबिरच, पंधरा दिवस एकही लग्न नाही. फरशीवर अक्षतांचे दाणे राहिलेले असत आणि एवढासा तांदूळ माझा चेंडू वीतभर भलतीकडे न्यायचा. आई खराट्याने अख्खं कार्यालय झाडायची आणि झाडताना त्या नवरा-नवरीबद्दल टीका करायची.

खेळताना मात्र तिची पंचाईत व्हायची. मी सांगायची, जरा डावीकडे, अजून केसभर, बास. तिचे हात अगदी बरोबर चालायचे. माझं 'जरा' म्हणजे किती हे तिच्याइतकं कोणालाच माहीत नाही. पण चेंडू सुटला की तिची मान वळायची. सर म्हणायचे, काकू, पाहू नका. ती म्हणायची, मी कुठे पाहिलं? पाहिलंच होतं. मी पाळण्यात असल्यापासून माझ्यावरून नजर काढायची नाही ही तिची सवय. मी काही सोडलं की ते कुठे पडलं हे बघणं तिच्या अंगातच मुरलेलं.

पहिल्या राज्य स्पर्धेत मी उपांत्य सामन्यापर्यंत पोचले. समोर कोल्हापूरची एक मुलगी होती, तिची पन्हळ तिचे वडील धरायचे. ते गृहस्थ तसूभरही हलायचे नाहीत. शेवटच्या फेरीत माझ्या शेवटच्या चेंडूने तिचा निळा चेंडू उडवून लावला आणि पांढऱ्याला जाऊन टेकला. सगळा हॉल एकदम 'आहा' म्हणाला. मी एका गुणाने पुढे गेले. आणि आईने मागे वळून पाहिलं.

पंचविशीतल्या पंचाने हात वर केला आणि आईला सांगितलं, "मागे वळून बघायचं नाही." दंड म्हणून समोरच्या मुलीला एक जादा चेंडू मिळाला. मैदानाच्या मधल्या चौकोनात तो थांबवला की तिला एक गुण. तिने तो अलगद थांबवला. बरोबरी झाली, जादा फेरी झाली, आणि त्या फेरीत माझी दोन बोटं इतकी थरथरत होती की एकही चेंडू धड गेला नाही. तिला पुढे सुवर्ण मिळालं.

घरी येताना रिक्षात मी आईला म्हणाले, "आयुष्यभर माझ्याकडेच बघत बसलीस. सहा मिनिटं थांबता आलं नाही तुला?"

हे बोलायला नको होतं. मला तेव्हाच कळलं होतं, पण जीभ चालते ना माझी.  घरी आल्यावर आईने पन्हळ चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवली आणि सांगितलं, मी तुझा खेळ बिघडवते, दुसरं कोणी बघ. त्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं.

दुसरं कोणी म्हणून माझ्या टीममधला एक प्रोग्रॅमर तयार झाला. चांगला होता बिचारा. मागे तर चुकूनही बघायचा नाही. पण मी 'जरा डावीकडे' म्हटलं की तो विचारायचा, "जरा म्हणजे एक्झॅक्ट किती? सेंटीमीटरमध्ये सांग ना." मी आकडे सांगायला शिकले, तो टेप घेऊन मोजायला शिकला. एक चेंडू टाकायला इतका वेळ लागायचा की वेळेतच बसेना. तरी आम्ही रेटलं. मग इथल्या प्रत्येक प्रोग्रॅमरचं जे होतं ते त्याचंही झालं. कंपनीने त्याला अमेरिकेला पाठवलं. स्पर्धेला दीड महिना उरला होता. मदतनीसाशिवाय माझं नाव जाणार नव्हतं, आणि नाव गेलं नाही तर अजून एक वर्ष मी गुण लिहीत बसणार होते. मी आईला विचारलं नाही. आईनेही विषय काढला नाही. आम्ही दोघी तशाच आहोत.

मग गणपती आले. अनंत चतुर्दशीला मानाच्या गणपतीची पालखी आमच्या आळीच्या तोंडावरून जाते. दर वर्षी सकाळी आम्ही तिथे दोन खुर्च्या टाकतो, एक माझी चाकाची, एक आईची. त्या दिवशीही टाकल्या. ढोलांचा आवाज जवळ येऊ लागला तसं आईने उठून आपली खुर्ची फिरवली. रस्त्याकडे पाठ, तोंड माझ्याकडे, आणि हात मांडीवर.

शेजारच्या काकू हबकल्याच. म्हणाल्या, "अहो बाई, देवाला पाठ दाखवता?"

"बघू दे त्याला माझी पाठ," आई म्हणाली. "मला सराव करायचाय."

कसब्यातल्या माणसाने मिरवणुकीला पाठ करून बसणं म्हणजे काय, हे पुण्याबाहेरच्यांना सांगून कळायचं नाही. देवळातूनसुद्धा आई चार पावलं मागे मागे चालत बाहेर पडते, देवाकडे पाठ होऊ नये म्हणून. आणि आता मागून ढोल-ताशे, लेझीम, लोकांचा जयघोष, आणि ती माझ्याकडे बघत ताठ बसलेली. तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. मला धड मिरवणूक बघवेना, धड तिच्याकडे बघवेना. मध्येच ती म्हणाली, "पालखी आली ना?"

मी विचारलं, "कशावरून?"

"तुझी बोटं जुळायला लागलीत."

माझे हात जुळत नाहीत. पण नमस्कार करायचं मनात आलं की ती दोन बोटं एकमेकांकडे सरकतात. हे मला स्वतःलाही माहीत नव्हतं. मला भर रस्त्यात रडू आलं आणि ते पुसायला हात नाही, म्हणून आईने पदराने पुसलं, तेही मान न वळवता. पालखी पुढे गेल्यावर ती उठली, वळली आणि रिकाम्या रस्त्याला मनापासून नमस्कार केला. काकूंनी तिला विचारलं की तुम्हाला काहीच दिसलं नाही याचं वाईट नाही का वाटत. आई म्हणाली, दिसलं की सगळं.

दोन दिवसांनी पितृपंधरवडा लागला. कपाटावरची पन्हळ खाली आली आणि आम्ही कार्यालयात हजर झालो. आईची मान पुन्हा वळली नाही. पण मला एक नवीन डोकेदुखी झाली. चेंडू सुटल्यावर ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि काय झालं ते ओळखायची. फेरी संपल्यावर सांगायची, तिसरा चेंडू आखूड पडला ना, पाचव्याला तू मुद्दाम पांढरा ढकललास. दहातल्या नऊ वेळा बरोबर. मी चिडून तोंड निर्विकार ठेवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, हे तोंड तू चूक लपवताना करतेस, चौथीपासून.

त्या वर्षी राज्य स्पर्धा पुण्यातच होती. आळीतले दहा-बाराजण टमटम करून आले, आईचे माजी विद्यार्थी वेगळेच. अंतिम सामना लागला तो त्याच कोल्हापूरच्या मुलीशी. तिचे वडील पाठ करून बसले, माझी आई पाठ करून बसली. बसण्याआधी दोघांनी एकमेकांना नमस्कार केला.

चार फेऱ्यांनंतर बरोबरी. पुन्हा जादा फेरी. पांढरा चेंडू मधोमध फुलीवर ठेवला. तिचे सहाही चेंडू संपले आणि तिचा एक निळा पांढऱ्यापासून चार बोटांवर होता. माझ्याकडे एकच लाल उरला होता. मी आईला म्हटलं, जरा उजवीकडे. तिने वळवली. केसभर परत. वळवली. चेंडू दुसऱ्या खुणेवर. तिने ठेवला आणि हात मागे घेतले. बोटं थरथरली नाहीत. मी सोडला.

लाल चेंडू निळ्याला घासून गेला आणि पांढऱ्याच्या दुसऱ्या बाजूला थांबला. मला तो जवळ वाटला. मग निळा जवळ वाटला. तेवढ्यात आमच्या शेजारच्या काकू बाकावरून ओरडल्या, "बाई, जिंकली हो तुमची पोर." सगळा हॉल टाळ्या वाजवायला लागला. अजून काहीच ठरलं नव्हतं. पंच मोजायची पट्टी घेऊन फरशीवर आडवा झाला होता, आणि आता मान वळली असती तर पुन्हा दंड, पुन्हा तेच सगळं. मी आईकडे बघितलं. टाळ्या तिच्या पाठीवर पडत होत्या आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तिला त्यात काय दिसलं असेल देव जाणे, कारण मलाच काही माहीत नव्हतं. ती हलली नाही.

पंच उठला आणि त्याने हातातल्या लाल-निळ्या फळीची लाल बाजू वर केली.

मी बोलायला तोंड उघडलं असेल, पण त्याआधीच आईचे डोळे भरून आले. तिने अजून मागे बघितलं नव्हतं. पंच जवळ येऊन म्हणाला, "बाई, झालं. आता बघा मागे." तोवर स्वयंसेवकांनी चेंडू गोळा केले होते. आई वळली, त्या रिकाम्या मैदानाकडे थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फरशी छान पुसलीय." कोल्हापूरच्या मुलीचे वडील मोठ्याने हसले आणि मग आम्ही सगळेच हसलो.

त्यानंतर आम्ही राष्ट्रीय स्पर्धा खेळलो, जिंकलो, परत एकदा जिंकलो. आई आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसली ती माझी पन्हळ सांभाळत. कंपनीने माझा फोटो लिफ्टपाशी लावला. गुण लिहायला आता त्यांनी दुसरं कोणीतरी शोधलंय.

मागच्या दिवाळीत टीममधल्या एकीने त्या पहिल्या अंतिम सामन्याचं चित्रीकरण मला पाठवलं. इतकी वर्षं ते तिच्या कुठल्याशा जुन्या फोनमध्ये पडून होतं. मी आईला हाक मारली. म्हटलं, ये, एकदा तरी बघ आपण काय खेळलो ते. तिने चष्मा पुसला आणि माझ्या शेजारी खुर्ची घेऊन बसली. चित्रीकरण माझ्या मागून केलेलं होतं. माझ्या खुर्चीची पाठ, पुढे मैदान, लांबवर चेंडू. आईने पहिली फेरी बघितली. म्हणाली, किती हळू खेळता गं तुम्ही. दुसऱ्या फेरीला तिने घड्याळाकडे बघितलं. तिसऱ्या फेरीला म्हणाली, "यात तुझं तोंडच नाही."

मग ती उठली. खुर्ची उचलून तिने लॅपटॉपच्या पलीकडे नेली आणि पडद्याकडे पाठ करून माझ्यासमोर बसली. मी म्हटलं, अगं, जादा फेरी आता येईल, ती तरी बघ.

"तू बघ," आई म्हणाली. "मी इथून बघते."